उपकरण क्रमांक सात

शेवटी कंपनीला तीन वर्षांत बाहेर गेलेला, जेवढा सापडेल तेवढा सगळा माल परत बोलवावा लागला. पण तसं काही झालंच नाही. कंपनीच्या दप्तरात एकही बाटली परत आल्याची नोंद नाही, आणि ज्याची नोंद नाही ते घडत नाही, असं खुद्द साहेब म्हणाले. साहेबांचं म्हणणं खोडून काढण्याची आपली टाप नाही. तेव्हा वरची पहिली ओळ कोणी वाचली असेल तर त्याने ती कृपया विसरावी.

कंपनी म्हणजे तीन खोल्या. पहिल्या खोलीत पिंपांतून आलेली सुगंधी तेलं मापून लहान बाटल्यांत भरली जात: निलगिरी, लवंग, लव्हेंडर, लिंबाच्या सालीचं, दालचिनीचं. दुसऱ्या खोलीत बाटल्यांना लेबलं लागत. तिसऱ्या खोलीत साहेब बसत. तिथे नेमकं काय चालतं हे आजवर कोणालाच सांगता आलेलं नाही, साहेबांनाही नाही.

पहिल्या खोलीत काम करणाऱ्या एका बत्तीस वर्षांच्या माणसाला सगळे 'हात' म्हणत. त्याला कारण होतं. आईबापांनी ठेवलेलं नाव हजेरीपटावर असणारच, पण हजेरीपट कोण वाचतो?

सुगंधी तेल कातडीला लावण्याआधी त्याची चाचणी घ्यायची असते. तेल साध्या तेलात पातळ करायचं, त्यातला एक थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावायचा, वर पट्टी बांधायची, चोवीस तास थांबायचं. लाल झालं, खाज सुटली, तर ते तेल आपलं नाही. एवढी साधी गोष्ट. या कंपनीत ती आणखी साधी करून टाकली होती. सगळ्या तेलांची चाचणी एकाच माणसाच्या डाव्या हातावर व्हायची. मनगटापासून कोपरापर्यंत बॉलपेनने आठ चौकोन आखायचे, एकेका चौकोनात एकेक तेल. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली की आठही चौकोन कोरे. तीन वर्षं आठही चौकोन कोरे. तो हात कशालाच लाल होत नव्हता, आणि नेमकं म्हणूनच तो निवडला होता.

ही अक्कल सुगंधाचार्यांची. सुगंधाचार्य म्हणजे साहेबांचा मेहुणा. त्यांनी तीन दिवसांचं शिबिर केलं होतं. त्यातल्या दुसऱ्या दिवशी पोट बिघडल्यामुळे ते खोलीवरच झोपून होते, पण प्रमाणपत्र तिन्ही दिवसांचं मिळालं होतं. सुरुवातीला त्यांनी कंपनीतल्या सात जणांवर चाचणी घेतली. सहा जणांना काही ना काही उठलं. सातव्याला काहीच नाही. सुगंधाचार्यांनी सहा जणांना नापास केलं.

"सहा जणांचे हात खराब निघाले," त्यांनी साहेबांना कळवलं. "नशीब, एक तरी चांगला आहे."

असा हा सुगंधाचा आचार्य. दिवसभर खोलीची दारं-खिडक्या लावून, वास वाया जाऊ नये म्हणून फटींना कागद चिकटवून, यंत्रातून तेलाची वाफ सोडत बसायचा. डोकं दुखलं की म्हणायचा, विकार बाहेर पडतोय. प्यायच्या पाण्यात लिंबाच्या सालीचं तेल टाकायचा, घसा सोलवटला की त्यालाही तेच म्हणायचा. त्याच्या घरात एक मांजर होती. मांजराच्या यकृताला ही तेलं पचत नाहीत, ही गोष्ट मांजरीला सुगंधाचार्यांच्या आधी कळली आणि ती शेजाऱ्यांकडे राहायला गेली. घरातल्या मंडळींत शिक्षण घेतलेली तेवढी ती एकटीच.

पिंपासोबत दरवेळी एक सुरक्षापत्रक येई. सुगंधाचार्य त्याच्या पुड्या बांधायचे. हात मात्र जेवणाच्या सुट्टीत ती पत्रकं वाचायचा, कारण कंपनीत वाचायला दुसरं काही नव्हतं. त्यामुळे कंपनीत तेलांबद्दल काही कळणारा तो एकटाच होता, आणि कंपनीत त्याला विचारणारं कोणी नव्हतं.

तर 'ऊब'. हे नवं मालिश तेल. तिळाच्या तेलात दालचिनीचं तेल. दालचिनीचं तेल कातडीवर इतकं तिखट की शंभर थेंबांत एक थेंबसुद्धा जास्त होतो. सुगंधाचार्यांनी शंभरात दहा टाकले.

"दहा?" हाताने विचारलं.

"वास पोचला पाहिजे," सुगंधाचार्य म्हणाले. "पातळ करणं म्हणजे तेलाचा अपमान आहे."

"पत्रकात लिहिलंय की—"

"पत्रक लिहिणाऱ्याने शिबिर केलंय का?"

सोमवारी चौथ्या चौकोनात 'ऊब' लावलं. संध्याकाळपर्यंत चौकोन पेटला. मंगळवारी सकाळी पट्टी काढली तेव्हा चौथा चौकोन लालबुंद होता, मधोमध दोन फोड, आणि लाली शेजारच्या तिसऱ्या-पाचव्या चौकोनांत परवानगी न घेता शिरली होती. तीन वर्षांत रोज आठ-आठ तेलं सोसून हाताने एकदाचं बंड केलं होतं. पत्रकात हेही लिहिलेलं होतं: एखादं तेल पुन्हा पुन्हा कातडीला लागलं की कधीतरी कातडी त्याच्याशी वैर धरते, आणि मग ते वैर जन्मभर जात नाही.

सुगंधाचार्य धावत आले आणि त्यांनी फोडांवर तांब्याभर पाणी ओतलं.

"पाणी नको!" हात ओरडला. "तेल पाण्याने जात नाही, उलट पसरतं. साधं तेल द्या, कापूस द्या."

"तेलाने तेल काढायचं?" सुगंधाचार्य हसले. "वा! उद्या आगीने आग विझव."

हाताने स्वतःच तिळाच्या तेलात कापूस बुडवून चौकोन पुसला, मग साबणाने धुतला, आणि ओल्या बाहीनेच दुसऱ्या खोलीत नोंदवहीबाईंकडे गेला. त्याची चूक एवढीच की त्याला वाटत होतं, आता 'ऊब' थांबेल.

त्याला ते थांबायला हवं होतं, कारण 'ऊब'ची पहिली चाळीस बाटल्यांची मागणी ज्या मालिश केंद्राची होती तिथे त्याची ताई काम करत होती. ताई दिवसाला अकरा पाठी चोळायची. गिऱ्हाईकाच्या पाठीला तेल आठवड्यातून एकदा लागतं, ताईच्या हातांना सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत. तिच्या कातडीने एकदा वैर धरलं तर तिला दुसरं काम येत नव्हतं. दोन हात सोडले तर ताईजवळ पोट भरायचं साधन नव्हतं, आणि नवऱ्याला साधन म्हणावं असं त्याच्यात काही नव्हतं.

नोंदवहीबाईंनी चष्मा वर करून फोड पाहिले आणि नोंदवही उघडली.

"उपकरण क्रमांक सात," त्या म्हणाल्या. "बिघाड."

इथे हे सांगायला हवं की हात हे कंपनीचं अधिकृत उपकरण होतं. दोन वर्षांपूर्वी प्रमाणपत्र देणारी माणसं तपासणीला आली तेव्हा त्यांच्या अर्जात 'तपासणीची उपकरणे' असा तक्ता होता. वजनकाटे दोन, तापमापक एक, मोजपात्रं तीन असे सहा रकाने भरले, सातवा उरला. रिकामा रकाना नोंदवहीबाईंना बघवत नसे. त्यांनी लिहिलं: 'हात, डावा, एक नग.' तपासणीवाल्यांनी शिक्का मारला. तेव्हापासून हाताला वर्षातून एकदा धूळ पुसून हिरवं स्टिकर लागायचं.

"बाई, बिघाड हातात नाही, तेलात आहे," तो म्हणाला.

"तेल उपकरणांच्या यादीत नाही," बाई म्हणाल्या, आणि त्याच्या मनगटावर लाल स्टिकर चिकटवलं: नादुरुस्त, वापरू नये. "उद्या कॅलिब्रेशनवाला येतोय. तोवर या हाताने काही करायचं नाही."

"जेवू का?"

"जेवायला उजवा असतो ना?"

बुधवारी कॅलिब्रेशनवाला आला. हा माणूस गावोगावचे वजनकाटे आणि तापमापक तपासून, बरोबर आहेत असं लिहून द्यायचा. त्याच्या पेटीत वजनं होती, एक काचेची नळी होती आणि जेवणाचा डबा होता. त्याने हात उलटसुलट करून पाहिला.

"याची कंपनी कुठली?"

"माझाच आहे," हात म्हणाला.

"गॅरंटी संपली असेल." त्याने आपली यादी काढली. "माझ्याकडे हात म्हणून प्रकार नाही. वजनकाट्यात धरू की तापमापकात?"

"मोजपात्रात धरता येईल का?" नोंदवहीबाईंनी विचारलं. त्यांना खरोखर उत्तर हवं होतं.

"पाणी राहील का त्यात?"

तळहातात थोडं राहिलं, पण मापात बसेना. मग तापमापक ठरलं. कॅलिब्रेशनवाल्याने काचेची नळी फोडांच्या शेजारी धरली, घड्याळ बघितलं, आणि लिहिलं.

"सदतीस. एकदम करेक्ट. इतकं चांगलं तापमापक मी या वर्षी बघितलं नाही." त्याने लाल स्टिकर काढून हिरवं लावलं. त्याच्यासोबत थोडी कातडी आली.

"अहो, पण हे लाल का झालंय?"

"तापमापक गरमीने लालच होतं," कॅलिब्रेशनवाला म्हणाला आणि पेटी उचलून पुढच्या गावाला गेला.

सुगंधाचार्यांना हे कळलं आणि त्यांचा चेहरा उजळला. असा चेहरा उजळला की कंपनीत नेहमी काहीतरी वाईट घडायचं. ते तडक तिसऱ्या खोलीत गेले. साहेब बसले होते.

"हात बरोबर आहे," सुगंधाचार्य म्हणाले. "तापमापक म्हणून प्रमाणित आहे. म्हणजे त्याने जे दाखवलं ती उष्णता आहे. आणि तेलाचं नाव काय? ऊब!"

साहेबांनी बराच वेळ विचार केला. ते विचार करत असले की टेबलावरच्या पेपरवेटसारखे दिसत.

"म्हणजे माल चालला?"

"चालला काय, धावला!"

गुरुवारी लेबलांवर एक ओळ वाढली: 'लावताच ऊब जाणवते. उपकरणाद्वारे सिद्ध.' खाली नेहमीची ओळ होतीच: 'नैसर्गिक, म्हणून निर्धोक.' ही ओळ सुगंधाचार्यांची. सापाचं विष कुठल्या कारखान्यात तयार होतं हे त्यांना कोणी विचारलेलं नव्हतं. चाळीस बाटल्या दुपारच्या टेम्पोने मालिश केंद्रात गेल्या.

संध्याकाळी हात ताईकडे पोचला. ताई केंद्राच्या मागच्या पायरीवर पाय पसरून बसली होती. शेजारी 'ऊब'चा खोका होता. न फोडलेला.

"ताई, ते तेल वापरू नकोस."

"आलास? बस. पाणी पी. आणि आधी हे सांग, माझ्याकडे काही येणार असलं की तुझं नेहमी 'नको' कसं?"

त्याने बाही वर केली. ताईने पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"अगंबाई. भाजलं?"

"तेलाने झालंय."

"तुला? तुला तर कशाने काही होत नाही! तीन वर्षं मिरवत होतास, माझा हात असा, माझा हात तसा. आईला वाटलं पोराला कसलं पदक मिळणारे."

"म्हणूनच सांगतोय ना. तीन वर्षांनी झालं. तुला तर रोज दहा तास तेल. एकदा कातडी बिनसली की कायमची. मग दालचिनीचा वास असलेला साबणसुद्धा चालणार नाही. पाठी कशाने चोळशील, कोपराने?"

"कोपराने चोळायचे वेगळे पैसे घेतो आम्ही." ताईने खोका फोडला, बाटली काढून झाकण हुंगलं. "वास तर बेकरीसारखा येतोय. बेकरीने कोणाचं काही बिघडलंय?"

"बेकरीत तू हात बुडवून बसतेस का दिवसभर?"

ताईने बाटली खोक्यात परत ठेवली. मग तिने स्वतःचे हात पाहिले. रुंद, गुळगुळीत, बोटांची पेरं जाड झालेली. त्या हातांनी तिने दोन मुलांच्या शाळा आणि एक नवरा ओढला होता.

"माझं ऐकून काय उपयोग?" ती म्हणाली. "आमच्या केंद्राच्या बाई म्हणतात, आलेलं वापरायचं. नाही म्हणाले तर उद्या दुसरी येईल चोळायला. तू कागद आण. शिक्क्याचा. बाईंना कागद लागतो, फोड नाही लागत."

"कागद आहे. त्यावर हात बरोबर आहे असं लिहिलंय."

"मग तूच चूक असशील," ताई म्हणाली.

"निदान एक कर. पातळ करून एक थेंब कोपराच्या आत लाव, चोवीस तास थांब."

"चोवीस तास थांबायला मी काय साहेब आहे?"

तो घरी परतला तो कपाळाला उजवा हात लावूनच, कारण डावा ठणकत होता. रस्ताभर त्याच्या डोक्यात ताईचं वाक्य घोळत होतं. मग तूच चूक असशील. बसस्टॉपवर उभा असताना त्याला एकदम कळलं की ताईने उत्तर दिलं होतं. उत्तर दिलंय हे तिला माहीत नव्हतं, एवढंच.

शुक्रवारी सकाळी नोंदवहीबाई पेन्सिलींना टोकं करत होत्या.

"बाई, मला कबूल करायचंय. हात खराब आहे."

"हिरवं स्टिकर आहे."

"आत्ता बरा आहे. पण सोमवारपर्यंत खराब होता. पहिल्या दिवसापासून. बघा ना, सहा जणांना उठलं, मला नाही. तीन वर्षांत दिलेली एकूण एक चाचणी, निकाल कोरा. ज्या तापमापकाचा पारा तीन वर्षांत हलला नाही त्याला तुम्ही काय म्हणाल?"

बाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. बाईंना तेलातलं काही कळत नव्हतं, माणसांतलं त्याहून कमी, पण बंद पडलेलं तापमापक म्हणजे काय हे त्यांना पक्कं कळत होतं.

"बंद," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

"तीन वर्षं बंद होता. सोमवारी चालू झाला. बंद उपकरणावर तपासलेल्या मालाचं काय करायचं असतं?"

बाईंनी नियमांचं पुस्तक काढायची गरज नव्हती. तरी त्यांनी काढलं. ओळीखाली बोट ठेवून त्यांनी मोठ्याने वाचलं. आयुष्यभर पाठ केलेला नियम वापरायची वेळ पहिल्यांदाच आली होती. "उपकरण सदोष आढळल्यास, दोष सुरू झाल्यापासून त्यावर तपासलेला सर्व माल विनाविलंब परत बोलवावा."

"पण 'ऊब' तर हात चालू झाल्यावर..." बाई अडखळल्या.

"चालू झाल्यावर लाल झाला. बाई, चालू उपकरण लाल झालं, तर माल पास की नापास?"

बाईंनी त्याच्याकडे पहिल्यांदाच माणसाकडे बघावं तसं पाहिलं. अर्धा क्षणच. मग ड्रॉवर उघडला. परत बोलावण्याच्या पत्रांचा गठ्ठा तिथे तयार होता. मागच्या तपासणीच्या वेळी साहेबांनी न वाचता दोनशे कोऱ्या पत्रांवर सह्या करून ठेवल्या होत्या. बाईंनी पहिलं पत्र मालिश केंद्राला लिहिलं, शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि कंपनीच्या टेम्पोवाल्याच्या हाती दिलं. मग बाकीची एकशे नव्व्याण्णव.

दुपारी टेम्पो चाळीस बाटल्या घेऊन परतला. एकोणचाळीस सीलबंद. एकीचं झाकण उघडलेलं, आत एका थेंबाएवढं तेल कमी. संध्याकाळी हाताने ताईला फोन केला.

"आमच्या बाई खवळल्यात," ताई म्हणाली. "पण कागदावर शिक्का बघितला आणि गप्प बसल्या. आता पुन्हा ते साधं तिळाचं."

"एक बाटली उघडलेली होती."

"असेल."

"लावलंस का? कोपराला?"

"डास चावलाय," ताई म्हणाली. "चांगला रुपयाएवढा चावलाय. साध्या तेलाने पुसलं, मग धुतलं. आणि ऐक, हात बरे आहेत माझे. ठेव आता, गिऱ्हाईक पालथं पडलंय."

पुढच्या आठवड्यात बाकीचा माल यायला लागला. दुकानदारांनी अर्ध्या बाटल्या पाठवल्या, उघडलेल्या पाठवल्या, एकाने दुसऱ्याच कंपनीच्या पाठवल्या. ठेवायला जागा नव्हती, म्हणून तिसऱ्या खोलीत रचल्या. साहेबांच्या खोलीत इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी दिसायला लागलं. खिडकीला बाटल्या टेकल्यामुळे ती उघडेना. तासाभरात साहेबांचं डोकं फुटायला आलं, डोळ्यांतून पाणी, छातीत कोंडल्यासारखं. सुगंधाचार्य म्हणाले, विकार बाहेर पडतोय. साहेब स्वतःच बाहेर पडले आणि तेव्हापासून व्हरांड्यात बसतात.

व्हरांड्यातूनच त्यांनी निर्णय दिला. माल परत आलेला नाही. माल परत आला असता तर सही कोणी केली हा प्रश्न आला असता. 'ऊब' पुन्हा निघणार नाही, कारण ते कधी निघालंच नव्हतं. फक्त उपकरण क्रमांक सात तेवढं भंगारात काढावं.

भंगाराचे नियम बाईंना तोंडपाठ होते. भंगारात काढलेली वस्तू निकाली लागेपर्यंत कंपनीच्या आवारात ठेवावी लागते, आणि समितीच्या परवानगीशिवाय गेटबाहेर जाऊ शकत नाही. यादी गेटवर लागली. सहा वाजता वॉचमनने हाताला अडवलं.

"तू जा," तो यादीवर बोट ठेवून म्हणाला. "हात ठेवून जा."

"कसा ठेवू?"

"ते मला काय माहीत? मी कालपासून आहे इथे."

दोघांनी बराच वेळ विचार केला. वॉचमन वाईट माणूस नव्हता, फक्त त्याच्याकडे यादी होती. शेवटी असं ठरलं की हात शर्टाच्या आत, पोटाला धरून न्यायचा आणि बाही रिकामी लोंबती ठेवायची. वॉचमन बाही चाचपतो, 'सात नंबर आत' असं लिहितो आणि फाटक उघडतो. सकाळी नऊला हात पुन्हा बाहेर काढता येतो. उन्हाळ्यात फार घाम येतो.

म्हणून बाईंच्या सल्ल्याने त्याने रीतसर अर्ज केला. भंगाराचा निकाल लावणाऱ्या निर्लेखन समितीत तीन सभासद असतात: साहेब, सुगंधाचार्य आणि तिसरी जागा. तिसरी जागा कंपनी सुरू झाल्यापासून रिकामी आहे, आणि तिघे असल्याशिवाय समिती बसत नाही.

'प्रति, माननीय निर्लेखन समिती. विषय: भंगारात काढलेले उपकरण क्रमांक सात (हात, डावा, एक नग) कार्यालयीन वेळेनंतर सोबत नेण्याबाबत. महोदय, सदर उपकरण अर्जदाराच्या खांद्यास पूर्वीपासून जोडलेले असून ते वेगळे ठेवण्यात तांत्रिक अडचणी येत आहेत. तरी सदर उपकरण दररोज संध्याकाळी सहा ते सकाळी नऊ, तसेच रविवारी व सुट्टीच्या दिवशी पूर्ण वेळ, अर्जदाराजवळ राहू देण्यात यावे. त्या काळात त्याची झीज झाल्यास ती अर्जदार स्वतः सोसेल. कृपया आपल्या सोयीने, परंतु अर्जदाराच्या हयातीत, उचित आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.'